पीआरच्या कामासाठी कोणती कौशल्यं लागतात?

पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात, यायचं तर आधी काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी लिहायला शिका. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, नेटकी प्रेसनोट लिहिणारे फार थोडे. पहिल्या दोन वाक्यांत बातमी हवी, साहेबांची विशेषणं नकोत. फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून क्रमाने नावं, एकाही नावात चूक नको. आणि खाली संध्याकाळी सातलाही फोन उचलेल अशा माणसाचा नंबर, कारण उपसंपादकाला शंका येते ती पान लागतानाच.

दुसरं कौशल्य अवघड आहे: आपल्याच वरिष्ठांना खरं सांगणं. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्र एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या आढळल्या. कंपनीने आधी दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. लोकांना ते पटलं नाही. मग ‘प्रोजेक्ट विश्वास’मधून विक्रेत्यांना साठवणुकीची माहिती दिली, २००४ च्या सुरुवातीला वेष्टन जास्त घट्ट केलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. वेष्टन तसंच ठेवून नुसता बच्चनसाहेबांचा चेहरा पुढे केला असता तर लोकांनी विश्वास ठेवला असता, असं मला वाटत नाही. वस्तू सुधारा, मग बोलू, हे बैठकीत म्हणायला पीआरवाल्याकडे धीर लागतो.

सोशल मीडियाची साधनं काम करता करता येतात. पत्रकारांशी ओळख मात्र बातमी नसतानाही ठेवा. मदत म्हणून त्यांना एखादा आकडा पडताळून द्या, बदल्यात काही मागू नका.