हार्ट अटॅकनंतर कामावर कधी जावं? ठाण्याहून रोज लोकलने सीएसएमटीला जावं लागतं.

टेबलावरचं काम असेल आणि अँजिओप्लास्टीनंतर (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडल्यावर) त्रास नसेल, तर बरेच जण २ ते ४ आठवड्यांत रुजू होतात. वजन उचलायचं काम असलं की २-३ महिनेही लागतात. तारीख मात्र तुमच्या डॉक्टरांनीच इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून ठरवायची.

मला विचाराल तर ऑफिसपेक्षा प्रवासाची काळजी जास्त घ्या. आमचे दादा सुरुवातीला गर्दी टाळून ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडायचे, बसायला जागा मिळायची. पूल चढताना मध्येच कठड्याला धरून दम घ्यायचे, गाडी सुटली तर सुटू द्यायचे. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी कायम शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून स्वतःहून अजिबात बंद करू नका. छातीत पुन्हा दुखलं तर घरी पोचायची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.