आई-बाबा नाशिकला, मुलं लांब: सगळ्यांनी मिळून कोणते ऑनलाइन गेम खेळावेत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही टोरांटोला, भाऊ पुण्यात, आई-बाबा नाशिकला. दर रविवारी ऑनलाइन काहीतरी खेळायचं ठरतं आणि दोन-तीन आठवड्यांत बारगळतं, तर नेमका कोणता गेम घ्यावा? मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला राहते. नाशिकलाच, इंदिरानगरला, सासू-सासऱ्यांबरोबर. नणंद जर्मनीत, दीर पुण्यात, मामेसासरे निफाडकडे द्राक्षबागेत. त्यामुळे चष्मा शोधून देणं, फोन चार्जिंगला लावणं आणि 'आता माझी पाळी का गं?' याला दर दोन मिनिटांनी उत्तर देणं ही सगळी खाती माझ्याकडे आहेत.

घरात ज्याचं बोट सगळ्यात हळू चालतं, त्याच्याकडे बघून गेम निवडा. बंदुका आणि पळापळीचे गेम तुम्ही भावंडांनी आपापसांत खेळा, त्यात आई-बाबांना ओढू नका. त्यांना असा खेळ हवा की पाळी येईपर्यंत तोंड मोकळं राहील. कारण खरं सांगायचं तर खेळ हे निमित्त असतं. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, सोसायटीत पाण्यावरून काय झालं, हे सगळं दोन दानांच्या मधेच बाहेर येतं. नुसता व्हिडिओ कॉल लावला की 'जेवलीस का? काय केलं होतंस?' यापुढे गाडी सरकत नाही.

म्हणून पहिला नंबर लुडोचाच. लुडो किंग घ्या, नवी मुंबईच्या कंपनीचा आहे, शिकवावा लागत नाही. अनोळखी लोकांशी न खेळता खासगी खोली उघडायची आणि तिचा कोड व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचा. आमच्या सासूबाई लेकीची सोंगटी समोर आयती आली तरी 'जाऊ दे, लांब आहे बिचारी' म्हणून सोडून देतात आणि माझी मात्र घराच्या तोंडाशी गाठून मारतात. जावई खेळत असतील तर त्यांनाही माफी. यावरून जे हसणं होतं ते कुठल्या ग्राफिक्सनं होणार नाही.

आता बारगळतं का, त्याबद्दल. बहुतेक घरांत गेममुळे नाही, आवाजामुळे बारगळतं. एकाच फोनवर कॉल आणि गेम दोन्ही लावले की गेमचा आवाज आणि माणसांचा आवाज एकमेकांवर आदळतात, गेम उघडला की व्हिडिओ थांबतो, आणि आईंना वाटतं कॉलच कट झाला. मग त्या कॉलमध्ये परत जातात, तेवढ्यात पाळी निघून जाते. यावर उपाय साधा आहे: कॉल एका फोनवर, गेम दुसऱ्यावर. आई-बाबा दोघांचे दोन फोन असतीलच. एक टीपॉयवर उभा करून स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्यावर दोघांनी मिळून एकच रंग खेळायचा. गेमचा आवाज बंद. नेट रडायला लागलं तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवा. डेटा खातो तो व्हिडिओ, लुडोला फारसा लागत नाही. लाइट गेली की वायफायही जातं, तेव्हा मोबाइल डेटावर कसं जायचं हे आईंना एकदा दाखवून ठेवा.

वेळ नाशिकच्या घड्याळानं ठरवा आणि ती हलवू नका. आमची रात्री ९ ची आहे. ती जर्मनीत उन्हाळ्यात दुपारी ५:३० आणि हिवाळ्यात ४:३० असते. तुमच्याकडे सकाळचे ११:३० किंवा १०:३०. तुमची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, युरोपातली ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आई-बाबांना हे गणित घालू नका. त्यांना ९ म्हणजे ९, बदल तुम्ही सोसा. आणि सगळे आलेच पाहिजेत असा हट्ट नको. आमच्या मामांच्या शिवारात एक आठवडा दिवसाची लाइट असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की ते मोटर सुरू करून विहिरीपाशी बसूनच खेळतात, आणि मधेच 'थांबा, व्हॉल्व्ह बदलून येतो' म्हणून जातात. छाटणीच्या दिवसांत येतच नाहीत. आम्ही त्यांच्याशिवाय खेळतो.

वेळ जुळतच नसेल तर बुद्धिबळ. ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा, त्यामुळे इथे बुद्धिबळाला तसंही घरात मान आहे. २०२४ च्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता, आणि आमच्या नानांनी ते असं साजरं केलं की जणू घरचाच मुलगा. नाना म्हणजे सासरे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. ते आणि जर्मनीतला नातू लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खेळतात. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एका चालीला १ ते १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते, पूर्वी पोस्टकार्डावर खेळायचे तसं. नातू शाळेतून आल्यावर चाल करतो, नाना पहाटे चहाबरोबर बघतात. पण फोनवर विचार करायला त्यांना जमत नाही. त्यांनी लाकडी पट टीपॉयवर कायमचा मांडलाय. फोनवरची चाल आधी त्या पटावर करायची, दिवसभर येता-जाता त्याकडे बघायचं, आणि संध्याकाळी उत्तर फोनवर. परवा फरशी पुसताना धक्का लागून उंट पडला, तर कुणी काही बोलायच्या आत त्यांनी फोन उघडून तो बरोबर घरात ठेवला. बोलणं फार तर दोन वाक्यांचं असतं, 'वजीर सांभाळा आजोबा' एवढाच मेसेज, पण तो रोज येतो.

दिवाळीला वीसेक जण जमणार असतील तर तंबोला. त्याला अॅपसुद्धा नको. तिकिटांचे फोटो ग्रुपवर टाका, ज्यानं-त्यानं आपले १५ आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, एकानं १ ते ९० मधले आकडे पुकारावेत. भिशीत खेळलेल्या बायका यात तुम्हा सगळ्यांना हरवतील.

पत्त्यांचं म्हणाल तर मेंढीकोट, बदाम सात मिळतात, पण अॅप नीट पारखून घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे, तरी 'बोनस मिळवा'वाल्या लिंका ज्येष्ठांच्या फोनवर येत राहतात.

तुमचा भाऊ पुण्याहून येऊन-जाऊन असेल. पुढच्या खेपेला त्याला एवढं करायला सांगा: आईंच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावायचा, कारण फुकटच्या गेममध्ये डाव संपला की जाहिरात येते आणि त्या ती दाबतातच. गेमचं चिन्ह पहिल्या स्क्रीनवर आणायचं, अक्षरं मोठी करायची, आणि लुडोचे दोन डाव त्यांच्या शेजारी बसून खेळायचे, फोन त्यांच्याच हातात ठेवून.