गारेच्या पोटात काय असतं?

प्रश्न : गार कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, असं मुलाच्या पुस्तकात आहे. खरंच दिसतात का? आणि मार्चच्या उन्हात आभाळातून बर्फ पडतो कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिसतात. मी अडकित्त्याने कापून पाहिलेत.

मार्च 2014. लातूर जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर मी होतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे कुठे ना कुठे गारा पडतच होत्या. पंधरवडा होत आला तरी थांबेनात. आमच्याकडे त्या आल्या दुपारी, खिचडी आटोपल्यावर. पत्र्यावर टण्ण करून काहीतरी आदळलं. परत एकदा. कुणी पोर दगड मारतंय वाटून मी ओरडलो, "कोण हाय रे तिकडं?" उत्तर आभाळानंच दिलं.

पत्र्याच्या शाळेत गारपीट ऐकली नसेल त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. माझंच बोलणं मला ऐकू येईना. हातवारे करून पोरांना भिंतीकडेला बसवलं, दप्तरं डोक्यावर. दुसरीतल्या एका पोरीनं बसकरपट्टी ओढून दोन्ही धाकट्या भावांवर घातली; हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोपऱ्यातला एक पत्रा उचकटला आणि गारा थेट खडूच्या खोक्यात.

थांबलं तेव्हा पटांगण पांढरं झालेलं. कडुलिंबाला पाला नाही. चिरडलेल्या पाल्याचा कडू वास सगळीकडे. चौथीतल्या एकानं लिंबाएवढी गार आणली, मोठी. खिचडीवाल्या मावशींच्या चंचीतला अडकित्ता घेतला आणि कापली. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, भोवती काचेसारखं कडं, मग दुधाळ, मग परत काच. चार कडी मोजली, तोवर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

त्याचं असं आहे. उन्हानं तापलेली हवा जोरात वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. तिथे शून्याखालीही पाण्याचे थेंब न गोठता तरंगत असतात. एखाद्या बर्फकणाला ते चिकटले की गोठतात. सावकाश गोठले तर आतली हवा निसटते, थर पारदर्शक होतो. झटक्यात गोठले तर हवा अडकून दुधाळ. खालून येणारा झोत पेलतो तोवर गार वाढते, मग पडते. पावसाळ्यातही ढग उंच असतात, पण तेव्हा ज्या उंचीवर हवा शून्याखाली जाते, ती पातळी बरीच वर असते. वाटेतल्या उबदार, दमट हवेत लहानसहान गारेचं पाणी होतं. मार्चमध्ये वरची हवा थंड, वाटही त्या मानानं कमी. म्हणून जमिनीपर्यंत पोचते.

मुलाला गार कापून दाखवायचीच असेल तर गारा पूर्ण थांबल्यावर उचला, आणि घाई करा.

त्या दिवशी कापलेल्या गारेची आकृती मी लगेच फळ्यावर काढली. त्या चौथीतल्या पोरानं विचारलं, "सर, आमच्या हरभऱ्यात बी एवढ्याच पडल्या असतील का?"

दुसऱ्या दिवशी पट 31, हजेरी 9. बाकीची आईबापांबरोबर चिखलातून ज्वारीची कणसं वेचायला गेलेली. तोही. आकृती तीन दिवस पुसली नाही.