वाचक विचारतात : छावणीतलं पत्र घरी पोचायचं कसं?

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिक एका बाजूला आणि आईवडील दुसऱ्या बाजूच्या मुलखात, असं अनेकांचं होतं. त्यांना घरची खुशाली कळायचा काही मार्ग होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होता, पण फार अरुंद. १८६१च्या जूनपासून उत्तरेने (म्हणजे अमेरिकेच्या संघराज्य सरकारने) दक्षिणेची (म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांची) नेहमीची टपालसेवा बंदच केली. त्यानंतर अधिकृत वाट उरली ती पांढऱ्या निशाणाखाली होणाऱ्या टपाल-अदलाबदलीची. व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोमार्गे ही पत्रं जात. युद्धकैद्यांची पत्रंही बहुतेक याच वाटेने.

अटी कडक होत्या. पत्र एकाच पानाचं, मजकूर फक्त घरगुती, खाली पूर्ण सही. ते न चिकटवलेल्या पाकिटात घालायचं, त्यावर पलीकडचा पत्ता लिहायचा, आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून अदलाबदलीच्या ठिकाणी पाठवायचं. तिथे बाहेरचं पाकीट काढून टाकत आणि पत्र वाचून तपासत. टपालखर्च दोन्ही सरकारांचा वेगवेगळा भरावा लागे : उत्तरेचे ३ सेंट, दक्षिणेचे साधारण १०.

पत्रं अडकायची ती लिहिणाऱ्याच्या मायेपायी. पान अपुरं पडलं की माणूस दुसरं जोडी, किंवा ‘आमची पलटण अमुक नदीकाठी आहे’ एवढं सहज लिहून जाई. असं पत्र तपासणीतून पुढे सरकत नसे. घरी मात्र वाटे, पोराला आमची आठवण राहिली नाही. त्या काळातल्या अबोल्याचा दोष माणसांपेक्षा टपालाच्या वाटेला द्यावा, असं आमचं मत आहे.

प्रश्न : घर आपल्याच बाजूला असेल तर अडचण नसावी ना? आणि तिकिटाला पैसे नसतील तर? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पहिली अडचण पत्त्याची. छावणी आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे पाकिटावर गावाचं नाव लिहून भागत नसे. नाव, कंपनीचं (रेजिमेंटमधल्या तुकडीचं) अक्षर, रेजिमेंटचा (पलटणीचा) क्रमांक आणि राज्य हे चारही हवेत. ‘कंपनी के’ राहून गेलं, तर हजारभर माणसांच्या रेजिमेंटमध्ये त्याच नावाचे दोघे-तिघे निघत.

पैशांचं म्हणाल, तर उत्तरेच्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता, पण तो महिनोन्‌महिने थकायचा. म्हणून १८६१मध्येच सवलत मिळाली : पाकिटावर ‘सैनिकाचं पत्र’ असं लिहून अधिकाऱ्याची सही घेतली की पत्र बिनतिकिटाचं जाई आणि ३ सेंट घरच्यांनी भरायचे. आपल्याकडच्या नॉटपेड पत्रासारखंच, फक्त दंड नाही. जवळ तिकिटं असली तरी खिशातल्या घामाने आणि पावसाने ती एकमेकांना चिकटून वाया जात.

दक्षिणेत दर जास्त, कारण तिथल्या राज्यघटनेने टपालखात्याला १८६३पासून स्वतःच्या कमाईवर चालायला बांधून घातलं होतं. कागदाची टंचाई तर इतकी, की आलेलं पाकीट उकलून, उलटं दुमडून पुन्हा वापरत. भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचीही पाकिटं करत. एक पान भरलं की तेच आडवं फिरवून, लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा ओळी लिहायचे. तसं पत्र वाचायला दिवसाचा उजेड आणि सवड, दोन्ही लागे.

१८६३च्या जुलैत दक्षिणेचं नदीकाठचं ठाणं व्हिक्सबर्ग पडलं आणि मिसिसिपी नदी पूर्णपणे उत्तरेच्या ताब्यात गेली. नदीच्या पश्चिमेकडची दक्षिणी राज्यं बाकी दक्षिणेपासून तुटली. मग टेक्सास-आर्कान्सासच्या पोरांना नदी ओलांडून नेणाऱ्या खास टपालाने घरी पत्र धाडायला ४० सेंट पडू लागले.

प्रश्न : पत्रंच थांबली तर घरच्यांनी विचारायचं कुणाला? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : वर्तमानपत्रांतल्या जखमी-मृतांच्या याद्यांत नावं चुकीची छापली जात, आणि सरकारी ओळखबिल्ला सैनिकाला नव्हताच. काही जण लढाईआधी नावपत्त्याची चिठ्ठी कोटाला टाचत. ती नसली तर खिशातल्या घरच्या पत्रावरूनच ओळख पटवायची.

उत्तरेत सॅनिटरी कमिशन या सैनिकांच्या मदतीसाठीच्या संस्थेने वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि लुइव्हिल इथे रुग्णालयातल्या सैनिकांची नोंदवही ठेवली होती. नाव, रेजिमेंट, कंपनी कळवली की माणूस कुठल्या रुग्णालयात आहे ते सांगत. रुग्णालयाची पायरीच न चढलेल्यांचं नाव अर्थातच तिथे मिळत नसे. त्यांच्यासाठी, युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टन यांनी १८६५मध्ये वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता सैनिकांचं कार्यालय काढलं. त्या नावांच्या याद्या छापून टपालकचेऱ्यांत लावत, म्हणजे परतलेल्या सोबत्याने वाचून काय पाहिलं ते कळवावं. कार्यालयाकडे ६३ हजारांवर पत्रं आली आणि सुमारे २२ हजार जणांचं काय झालं ते घरी कळवता आलं.