आजोबांचं नाव, पण जरा आजचं

प्रश्न : आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सासरे सिद्रामप्पा, मागच्या वर्षी गेले. नवऱ्याला ‘सिद्धांत’ हवंय, सासूबाई ‘सिद्रामप्पा’वर ठाम. बारसं तोंडावर आलंय. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘सिद्धराम’ ठेवा. ‘सिद्धांत’ छान आहे, पण त्यात आजोबा कुठे दिसतात? सासूबाईंना तेच लागलं असणार, आणि मला त्यांचं पटतं. शिवाय बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं, तुमच्या ग्रामदैवताचं हे नाव. संक्रांतीला नंदीध्वजांपुढे ‘हर्र बोला हर्र’ ऐकत वाढणाऱ्या पोराला ते जुनाट वाटणार नाही. शाळेत सिद्धराम, घरात सिद्धू. नवऱ्यालाही हे जड जाऊ नये.

पाळण्यातलं नाव मात्र सिद्रामप्पाच ठेवा आणि ते बाळाच्या कानात सासूबाईंनाच सांगू द्या. हा मान त्यांचाच.

जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव नंतरही घालता येतं, 12 महिन्यांपर्यंत शुल्क नाही. म्हणून बारशाच्या गडबडीत दाखल्यावर काहीतरी लिहून मोकळ्या होऊ नका. इंग्रजी स्पेलिंग घरात बसून ठरवा आणि आधारवरही तेच द्या.