तालुक्याच्या गावाला बायपास झाला की बाजारपेठेतली ट्रकची वर्दळ थांबते का?

तुम्ही लिहिलंय की बायपास मंजूर झालाय, मार्केट यार्ड गावातच आहे, साखर कारखाना जवळ आहे आणि हंगामात शाळेच्या वेळेला मुख्य रस्ता ओलांडता येत नाही. बायपास झाल्यावर हे थांबेल का आणि तोवर काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. गावात माल उतरवायला येणारा ट्रक बायपासनं जाणार नाही, आणि बायपासच्या कडेला बांधकामं होऊ दिलीत तर पुढची पिढी हाच प्रश्न बायपासबद्दल विचारेल. या दोन गोष्टी आताच धरून ठेवा.

मी बांधकाम खात्यात नोकरी केली. वाहतुकीच्या मोजणीला सलग सात दिवस, रात्रंदिवस, पाळ्या लावून रस्त्याकडेला बसायचो. कागदावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. हिशेबात एक ट्रक म्हणजे तीन मोटारी धरतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे साडेचार, कारण ती लांब असते आणि रेंगाळत जाते. पण नुसत्या रेघांवरून ट्रक कुठे चाललाय ते कळत नाही. त्यासाठी गाडी थांबवून विचारावं लागतं: कुठून आलात, कुठे चाललात, माल काय?

एका गावात आम्ही सगळे धरून चाललो होतो की रात्रीचे ट्रक पुढे जाणारे आहेत. त्या रात्री पोलिसाला सोबत घेऊन ओळीनं थांबवले. पहिला कांद्याचा. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "साहेब, यार्डातच खाली करायचाय, सकाळी लिलाव आहे." मागचा खताच्या गोदामाला, त्याच्या मागचा सिमेंटचा. पहाटेपर्यंत आमचा अंदाज साफ चुकल्याचं कळलं होतं. म्हणून तुमच्या गावासाठी अशी विचारपूस झाली आहे का, ते आधी विचारा. झाली नसेल तर लेखी मागा, आणि ती उसाच्या हंगामात व्हावी असा आग्रह धरा. पावसाळ्यातल्या मोजणीत तुमचं खरं दुखणं दिसणारच नाही.

चाकणकडे बघा. तिथल्या तळेगाव चौकात पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. पुढे जाणारी वाहनं आहेतच, पण कंटेनरवाल्यांचं कामच तिथल्या कारखान्यांत असतं. वळणरस्ता कितीही चांगला केला तरी त्यांना आत यावंच लागणार. तुमच्याकडे हेच यार्डाचं आणि गोदामांचं होईल. यार्ड, खताची गोदामं आणि ट्रक उभे करायचा तळ बायपासलगत नेण्याचा विषय शहराच्या विकास आराखड्यात आत्ताच यायला हवा. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा गावातून फार थोडे अर्ज येतात, याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

उसाचं वेगळं आहे. ऊस गावाच्या ज्या बाजूनं येतो आणि कारखाना ज्या बाजूला आहे, त्या दोन्हींना बायपास जोडत नसेल तर ट्रॅक्टर बाजारपेठेतूनच येत राहतील. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापते. कोपऱ्यावर सायकल घेऊन उभ्या असलेल्या मुलीला ट्रॅक्टर पुढे गेलेला दिसतो, ट्रॉली आपल्या अंगावर येतेय हे उशिरा कळतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला मागे ओढणारा एक हमाल होता म्हणून ती वाचली. म्हणून नकाशात शिवाररस्त्यांसाठी बायपासखालून काढलेले भुयारी मार्ग नीट बघा: भरलेली उसाची ट्रॉली आरपार जाईल एवढी उंची हवी. ओढ्यांच्या मोऱ्याही बघा, नाहीतर भराव पाणी अडवून वरच्या शेतांत तुंबवतो.

आता कडेच्या बांधकामांचं. पुण्याचा देहूरोड-कात्रज बायपास शहराबाहेरून काढला होता. बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे वाढत त्याच्या दोन्ही बाजूंना आले आणि आज लोक कामावर जायला तोच वापरतात. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे लांब उतार आहे. जड गाड्या ब्रेक न लागता तिथे खाली येतात, आणि खाली शहराची गर्दी असते. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एकाच अपघातात कित्येक गाड्या सापडल्या. आता त्याही पलीकडून रिंगरोड काढावा लागतोय. तुमच्या बायपासला इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असतील, म्हणजे रस्त्यालगत बांधकामाला मनाई किंवा निर्बंध असलेल्या पट्ट्यांच्या हद्दी. त्यांच्या आत पहिला धाबा, पहिलं गॅरेज उभं राहील त्याच आठवड्यात तक्रार करा. दहा झाल्यावर कोणी हात लावत नाही.

दुकानदारांची भीती समजते. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर चालणारी हॉटेलं आणि पंक्चरवाले यांचं नुकसान होतंच, त्यांना बायपासच्या तळावर आधी जागा द्यावी. कापड, किराणा, भांडी यांचं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं असतं, त्याला गाडी लावायला जागा मिळाली तर तो जास्त वेळ थांबतो.

बायपास होईपर्यंत मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 खाली जड वाहनांना ठरावीक वेळेत गावात बंदी घालता येते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहून ग्रामसभेचा किंवा नगरपंचायतीचा ठराव जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. सोबत कारखान्यालाही पत्र द्या, त्या वेळेत ट्रॅक्टर गावाबाहेर थांबवण्यासाठी. कारखाना आणि यार्ड गावाच्या कोणत्या बाजूला आहेत ते इथेच सांगितलंत तर बायपासच्या रेषेबद्दल आणखी नेमकं लिहितो.