पर्वती एवढ्यात नको, आधी गुडघा सरळ करा

तुम्ही विचारलंय की बॅडमिंटन खेळताना एसीएल (गुडघ्याच्या आतला, नडगीला पुढे सरकू न देणारा पट्टा) अर्धवट फाटलं, डॉक्टर ऑपरेशन नको म्हणालेत, पाच आठवडे झालेत तर ताकद यावी म्हणून रोज पर्वतीची टेकडी चढू का. अहो नका, एवढ्यात तर अजिबात नका! मी हेच केलेलं. सिंहगड उतरताना माझा गुडघा गेला आणि दीड महिन्यात मी तळजाईच्या टेकडीवर हजर, चढताना काही नाही वाटलं पण उतरताना गुडघ्यावर खरा लोड येतो, दुसऱ्या दिवशी हा एवढा सुजला आणि फिजिओ मॅडमची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आधी पाय पूर्ण सरळ होतोय का ते बघा. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू झोपूनच जातो, त्याला उठवायचं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून मांडी आवळत ती खाली दाबायची, 5 सेकंद धरायचं, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. मलाही वाटलेलं याचे काय पैसे द्यायचे, पण माझा गुडघा यानेच वळणावर आला. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला, उचलताना गुडघा वाकतोय तर अजून टॉवेलवरच थांबा. जोडीला ब्रिज करा, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचला, त्याने मांडीचा मागचा स्नायू तयार होतो आणि तो नडगीला पुढे सरकू न द्यायला मदत करतो, म्हणजे एसीएलला हातभार लावतो. हे सगळं न दुखता जमलं की मग भिंतीला टेकून अर्धाच स्क्वॉट, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं.

जिममधलं लेग एक्स्टेन्शन मशीन फिजिओने सांगेपर्यंत नको, वजन लावून पाय शेवटपर्यंत सरळ करताना नडगी पुढे ओढली जाते आणि ताण नेमका एसीएलवर येतो.

जास्त झालं की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही गुडघे वाटीवरून मोजा, सूज वाढली असेल तर व्यायाम निम्मा करा. गुडघा अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल तर मात्र सरळ डॉक्टरकडे.

आणि पाय कुठला ते लिहिलं नाहीत, डावा असेल तर स्कूटर तूर्तास बंदच ठेवा, सिग्नलला तोच टेकतो आपण आणि तोच पिळवटतो.